लाल रोगणाखालचे वाक्य

मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते की मला कुणाची कीव नको. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की दुसऱ्या पानावर रडू लागतात, हे मला ठाऊक आहे. छत्री रडते, कंदील रडतो, खुर्ची तर बसल्या बसल्या रडते. मी रडणार नाही. माझ्या अंगातून आजवर गळली ती फक्त शाई, आणि तीही ज्याने मला नीट पुसले नाही त्याच्या शर्टावर.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी मशीन पाहिली नसेल. माझ्या पोटात एक लोखंडी पिंप आहे. त्यात काळी शाई भरतात. पिंपावर मेण चढवलेला पातळ कागद गुंडाळतात, त्याला स्टेन्सिल म्हणतात. टाइपरायटरची फीत काढून त्या कागदावर टाइप केले की प्रत्येक अक्षर मेणाला बारीक भोक पाडते. मग हँडल फिरवायचे. पिंप फिरते, शाई त्या भोकांतून बाहेर येते आणि खालून सरकणाऱ्या कोऱ्या कागदावर तेच अक्षर उमटते. एवढे सोपे आहे. मला वीज लागत नाही, पडदा लागत नाही, पासवर्ड तर मुळीच लागत नाही. लागतो तो एक खांदा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथे रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांना तोच हिरवट रंग. मला आधी एका शाळेने नेले. तिथे मी परीक्षेचे पेपर छापायचे, त्यामुळे मुले माझ्या खोलीसमोरून जाताना माझ्याकडे अशी बघत की जणू गणित मीच काढले आहे. मला त्याचे काही वाटत नसे. कुणाला आवडावे म्हणून मी छापत नव्हते. पुढे शाळेत विजेवर चालणारी झेरॉक्स आली आणि मला भंगारात काढायचे ठरले. तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, भंगारवाल्याला देण्यापेक्षा चर्चला देऊ, पुण्य तरी लागेल. देवाच्या वाट्याला काय काय येते ते बघा.

अशी मी फादरांच्या घरी आले. घर म्हणजे चर्चच्या मागच्या दोन खोल्या. एकीत फादर राहत, दुसरीत टेबल, कपाट, मोडकी बाके आणि मी. फादर तेव्हा तरुण होते, नुकतेच या चर्चमध्ये नेमले गेले होते. त्यांना वाटे, रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला येणारी माणसे प्रवचन दारापर्यंत जाईतो विसरतात, म्हणून त्यांच्या हातात काहीतरी द्यावे. दर शनिवारी ते एक पान लिहीत. वर चर्चचे चित्र, खाली त्यांचा संदेश, आणि संदेशाची सुरुवात कायम तीच: ‘माझ्या घरच्या माणसांनो’. लोक त्याला ‘फादरांचे पान’ म्हणत.

त्या पानात सगळे असे. कोण आजारी आहे, कुणाकडे बाळ आले, कुणासाठी प्रार्थना करायची. मध्येच एखादी कानउघाडणी. ‘प्रवचन चालू असताना झोप आली तर खुशाल झोपावे, पण घोरणाऱ्यांनी मागे बसावे, पुढे घोरल्याने मी काय बोलत होतो ते मलाच आठवत नाही,’ असे त्यांनी एकदा लिहिले, तेव्हा पहिल्या बाकावरचे एक आजोबा महिनाभर रुसले होते.

पान टाइप करायला टाइपमावशी येत. त्या कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेल्या, चष्मा जाड आणि जीभ पातळ. हँडल फिरवायचे घंटाकाका. चर्चची घंटा वाजवणारे म्हणून घंटाकाका. घंटेच्या दोरानेच त्यांचा खांदा कमावलेला होता, त्यामुळे माझे हँडल त्यांना खेळण्यासारखे. दोघेही एकमेकांशी भांडत आणि एकमेकांवाचून त्यांचे चालत नसे.

एकदा फादर तापाने फणफणले होते. पानात लिहायचे होते, ‘फादर आजारी आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.’ मावशींचे बोट शेजारच्या कळीवर पडले आणि मी इमानेइतबारे छापले: ‘फादर बाजारी आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.’ त्या रविवारी लोकांनी फार मनापासून प्रार्थना केली. पुढे कितीतरी दिवस फादर भाजी आणायला निघाले की कुणीतरी विचारायचेच, “काय फादर, आज बाजारी का?” फादर स्वतःही हसत. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी लाल रोगणाची बाटली आणली. स्टेन्सिलवर चूक झाली की त्या रोगणाचा थर ब्रशने लावायचा. भोके बुजतात, वाळले की त्यावर पुन्हा टाइप करता येते. ती बाटली नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या आयुष्याचा मोठा दिवस त्या बाटलीतून आला.

वर्षे गेली. फादरांचे केस पांढरे झाले. गावाबाहेर मेणबत्त्यांचा एक कारखाना उभा राहिला आणि निम्मी वस्ती तिथे कामाला लागली. कारखान्याचे मॅनेजरसाहेब चर्चच्या समितीचे अध्यक्ष झाले. माणूस चटपटीत होता. त्यांनी चर्चचे छप्पर बदलून दिले, वेदीवरच्या मेणबत्त्या कारखान्यातून फुकट येऊ लागल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. “फादर, हे काळं-काळं काय छापता,” ते म्हणाले, “मी छापखान्यातून रंगीत करून देतो. खर्च कारखान्याचा.” फादरांनी मान डोलावली. पुढल्या रविवारपासून फादरांचे पान गुळगुळीत, रंगीत येऊ लागले. खालच्या कोपऱ्यात कारखान्याच्या मेणबत्तीचे चित्र असे.

मला कोपऱ्यात ढकलले. माझ्यावर एक टेबलक्लॉथ टाकला आणि टेबलक्लॉथवर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. मी लोखंडाची, मित्रांनो, आणि माझ्यावर प्लास्टिकची फुले! अपमान झाला, हे मी कबूल करते. पण मी गंजले नाही. गंजायचे की नाही हे थोडेफार आपल्या हातात असते, असे माझे मत आहे. घंटाकाका अधूनमधून फुलदाणी उचलून माझ्या सांध्यांत तेलाचा थेंब सोडायचे, त्याचाही उपयोग झाला असेल.

मग तो दिवस आला. दुपारी कारखान्याच्या बाजूने धूर दिसला. फादर आणि घंटाकाका धावत गेले. काकांचा जावई तिथे मेण वितळवण्याच्या खोलीत कामाला होता. संध्याकाळी फादर एकटेच परतले. त्यांचा पांढरा झगा काजळीने माखला होता आणि हातात मरणाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची कुपी तशीच होती. ते माझ्या समोरच्या बाकावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. काकांचा जावई गेला होता. त्याच्याबरोबर आणखी दोन कामगार गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत कुजबुज सुरू झाली की आग जावयाच्या सिगारेटने लागली. कुणी पसरवले ते कुणाला सांगता येईना, पण नळावर, दुकानात, जिन्यात सगळीकडे तेच. त्याच्यामुळे तिघांचा जीव गेला म्हणे. काकांची मुलगी नवऱ्याला पुरून आली आणि त्याच दिवशी शेजारणींनी तिच्याकडे बघायचे सोडले. तिची धाकटी मुलगी शाळेतून रडत आली. मेलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने काही बोलता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकलणे फार सोपे जाते.

फादरांनी शुक्रवारी पान लिहिले. वाचून दाखवायची त्यांना सवय होती, म्हणून मलाही कळले. ‘माझ्या घरच्या माणसांनो, आपल्या घरातली तीन माणसे गेली.’ मग तिघांसाठी प्रार्थना. आणि मग एक वाक्य: ‘मी तेथे पोहोचलो तेव्हा त्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.’ बस, एवढेच. कुणाचे नाव नाही, कुणाला शिवी नाही.

छापखान्यातून मजकूर परत आला. हे वाक्य काढले तर छापू, असा निरोप होता.

 शनिवारी दुपारी फादर माझ्यापाशी आले, फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली आणि टेबलक्लॉथ ओढला. केवढी धूळ उडाली! मावशींना निरोप गेला, काकांना बोलावू नका, असे फादरांनी बजावले होते, तरी काका आलेच. “घरी बसून काय करू?” ते म्हणाले. “भिंती बघू?” त्यांनी माझे पिंप पुसले, शाई भरली. मावशींनी टाइपरायटरची फीत काढली आणि खटाखट स्टेन्सिल टाइप केली. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर मेणाचा कागद चढणार होता. मी अगदी तयार होते.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब दारात. छापखान्याने त्यांना कळवले असणार, त्याशिवाय ते शनिवारी इकडे फिरकणारे नव्हते. ते आरडाओरडा करायला आले नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली, शांतपणे बसले.

“फादर, दर आठवड्याला ‘माझ्या घरच्या माणसांनो’ लिहिता. मग घरातलं भांडण घरातच ठेवावं ना माणसानं.”

“तीन माणसं गेली आहेत,” फादर म्हणाले.

“मला दुःख नाही का? पण चौकशी होणार आहे. ती होऊ द्या. आधीच असं काही लिहिलंत आणि कारखान्याला टाळं लागलं, तर चुली कुणाच्या विझतील? तुमच्याच लोकांच्या. कुलूप चोरी होऊ नये म्हणून असतं, सगळीकडे असतं. आणि एवढी वर्षं मेणबत्त्या कुठून आल्या, छप्पर कुठून आलं, ते तुम्हाला सांगायला नको. खाल्ल्या मिठाला जागावं, एवढंच म्हणतो.”

मिठाचे फादरांना काही वाटले नसते. चुलींनी त्यांना गाठले. समोरच्या वस्तीतल्या किती घरांत त्या कारखान्याचा पगार येतो, ते त्यांना घर न् घर ठाऊक होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मग मावशींकडे न बघता म्हणाले, “मावशी, ते वाक्य झाका.”

मॅनेजरसाहेब उठले, फादरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. त्यांना खात्री पटली होती. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही, ही त्यांची चूक झाली.

खोलीत तिघेच उरले. काका माझ्या हँडलला धरून उभे होते. ते म्हणाले, “फादर, उद्या माझी पोरगी पहिल्या बाकावर बसणार. तिच्या हातात मी काय देऊ?”

“प्रार्थना आहे ना त्यात, काका. तिघांसाठी आहे.”

“प्रार्थना तिला पाठ आहे.”

फादरांनी तोंड फिरवले आणि खिडकीतल्या प्लास्टिकच्या फुलांकडे बघत राहिले. मावशींनी लाल रोगणाची ती जुनी बाटली कपाटातून काढली. झाकण निघता निघेना. “घट्ट झालंय,” त्या स्वतःशीच बोलल्या. मग त्यांनी त्यात स्पिरिट घातले. रोगण घट्ट झाले की त्यात थेंब-दोन थेंब स्पिरिट घालतात, ते ठीक; जास्त झाले तर थर टिकत नाही. मावशींचा हात त्या दिवशी जरा सढळ होता. सगळा जन्म टाइप करण्यात घालवलेल्या बाईला किती स्पिरिट घालायचे ते कळत नव्हते, असे म्हणायला मी तरी तयार नाही. ब्रश फिरला. वाक्यावर लाल पट्टा आला, वाळला, छान झाकलेला दिसला. काकांनी स्टेन्सिल माझ्यावर चढवली आणि हँडल फिरवू लागले.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की मशीनला काय कळते, ती सांगाल ते छापते. बरोबर आहे. मी माझ्या अंगावर जे कोरले आहे ते छापते. आणि माझ्या अंगावर काय कोरले होते? मेणात प्रत्येक अक्षराचे भोक होते. वरून रंग फासला होता, एवढेच. आतून शाई रेटत होती आणि पिंप फिरत होते. मी माझे काम करत होते, आणि खरे सांगायचे तर थोडे जास्तच मन लावून करत होते.

पहिली पाने मधोमध कोरी पट्टी घेऊन बाहेर आली. मग एका पानावर त्या पट्टीत बारीक काळे ठिपके दिसले. पुढच्या पानांवर ते वाढले. रोगणाचा एक टवका सुटला आणि सगळ्यांत आधी उमटला तो शब्द होता ‘कुलूप’. नंतर ‘दाराला’. नंतर ‘बाहेरून’. ‘माझ्या डोळ्यांनी’ हे शेवटी आले, पण आले. म्हातारीने कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे म्हणतात. इथे तर म्हातारीनेच कोंबड्यावरचे झाकण काढले.

काकांचा हात थांबला. त्यांनी पान उचलले आणि फादरांपुढे धरले. फादरांनी ते वाचले. आपलेच वाक्य होते, तरी जणू दुसऱ्याने लिहिल्यासारखे त्यांनी दोनदा वाचले.

मावशी चष्मा पुसत म्हणाल्या, “बाटली जुनी झाली होती.”

“पुन्हा झाकता येईल?” फादरांनी विचारले.

“न यायला काय झालं? नवी बाटली बाजारात मिळते. तुम्ही जाऊन आणलीत तर आत्ता झाकते.”

फादर मावशींकडे बघत राहिले. मावशीही नजर काढून घेईनात. मग फादरांच्या चेहऱ्यावर, त्या आगीनंतर पहिल्यांदाच, काहीतरी हसण्यासारखे आले. “मावशी,” ते म्हणाले, “तुम्ही मला एकदा बाजारी केलं होतंत. तेव्हा चुकून झालं होतं. आज मी स्वतःहून होत होतो.” त्यांनी पान गठ्ठ्यावर परत ठेवले आणि झग्याच्या बाह्या वर सारल्या. “काका, सरका. खांदा दुखला असेल तुमचा. मी फिरवतो.”

“नाही दुखला,” काका म्हणाले. त्यांनी हँडल सोडले नाही. उरलेली सगळी पाने त्यांनीच छापली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि माझ्या अंगातून शाई, पण एकही पान डागाळले नाही. या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

रविवारी चर्चचे दार उघडे होते आणि माझ्या खोलीचेही, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. फादरांनी वेदीपाशी उभे राहून पान स्वतः वाचले. ते वाक्यही त्यांनी पुरे वाचले. मॅनेजरसाहेब उठून म्हणाले, “हे पान समितीनं पाहिलेलं नाही.”

“देवाच्या दारात पाहिलेलंच सांगतात, साहेब,” फादर म्हणाले, “मी पाहिलं ते सांगितलं. आणखी कुणी काही पाहिलं असेल तर त्यानं सांगावं.”

  मग पहिल्या बाकावरून काकांच्या मुलीचा आवाज आला. “माझा नवरा सिगारेट ओढत नव्हता,” ती म्हणाली. “एवढंच मला सांगायचं होतं. कुणी विचारलं नाही.”

आणि अगदी मागून, जिथे घोरणारे बसतात तिथून, कारखान्याचा पहारेकरी बोलला. “ओढत नव्हता. आणि कुलूप मीच घालायचो. कुणी खिशातून मेण नेऊ नये म्हणून तसा हुकूम होता. त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती आणि मी जेवायला गेलो होतो.”  काकांची मुलगी उठली, शेवटच्या बाकापर्यंत चालत गेली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिच्याकडे न बघणाऱ्या बायका आता आपल्या पायांकडे बघत होत्या, असे काकांनी मला नंतर सांगितले.

चौकशी पुढे झाली आणि पहारेकऱ्याने तिथेही तेच सांगितले. कारखान्याला टाळे लागले नाही. दारांची कुलुपे तेवढी निघाली आणि मॅनेजरसाहेबांना खुर्ची सोडावी लागली, कारखान्यातलीही आणि समितीतलीही. फुकटच्या मेणबत्त्या बंद झाल्या. त्यानंतरच्या रविवारी वेदीवर लोकांनी घरून आणलेली थोटके लावली होती, कुणाचे जाड, कुणाचे वाकडे, एक तर वाढदिवसाच्या केकवरचे. रंगीत पानही बंद झाले. फादरांचे पान पुन्हा मीच छापते, काळे-काळे.

ते वाक्य कसे उमटले यावर अजून वाद चालतो. काका म्हणतात, देवाने केले. मावशी म्हणतात, बाटली जुनी होती. फादर दोघांकडे बघून हसतात आणि विषय बदलतात. मी एकदाच सांगते: शाई माझी होती, रेटा माझा होता, आणि देवाला हवे असेल तर त्याने श्रेय खुशाल निम्मे घ्यावे.

कोरी पट्टी असलेली ती पहिली पाने फादरांनी जाळली नाहीत. नवी स्टेन्सिल चढवली की शाई नीट येते का बघायला त्यांच्या कोऱ्या पाठीवर आधी छापून बघतात. ते काम काकांची मुलगी करते. काकांच्या खांद्याने अलीकडे संप पुकारला आहे, म्हणून आता शनिवारी हँडल तिच्या हातात असते. ती फार बोलत नाही, पण हात पक्का आहे.

आता शेवटी अशा कहाण्यांत जुनी वस्तू हात जोडून म्हणते, मला जपा, मला विसरू नका. मी हात जोडणार नाही. मला महिन्यातून तेलाचा थेंब हवा, पुसायला फडके हवे, आणि माझ्यावर प्लास्टिकची फुले ठेवायची नाहीत. हे मी हक्काने मागते, केलेल्या कामाच्या जोरावर. मला काचेच्या कपाटातही ठेवू नका. आणि मित्रांनो, मोठे झाल्यावर कुणीतरी येऊन, खुर्ची ओढून, अगदी शांत आवाजात तुम्हाला एखादे खरे वाक्य झाकायला सांगेल. झाकू नका. पण अगदीच इलाज उरला नाही, तर रोगण पातळ करा. पुढचे मी बघते.